हात तेलात असतात तेव्हा: स्वतंत्र मसाज थेरपिस्टला स्वतःची वेबसाइट का हवी

टेबलावर माणूस पालथा झोपला आहे. उजव्या खांद्याच्या पात्याखाली एक गाठ सापडली आहे आणि थेरपिस्ट तिच्यावर अंगठा टेकवून हळूहळू दाब वाढवते आहे. दोन्ही हात तेलाने माखलेले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या फळीवर फोन थरथरतो. एकदा, दोनदा, मग गप्प. तो उचलता येत नाही आणि उचलायचाही नसतो, कारण हा तास टेबलावरच्या माणसाचा आहे. पाऊण तासाने ती हात धुऊन परत फोन लावते, तेव्हा पलीकडून उत्तर येतं, "हो, केला होता फोन. पण दुसरीकडे वेळ मिळाली."

एकट्याने काम करणाऱ्या कुठल्याही मसाज थेरपिस्टला हे नवीन नाही. दुकानात बसलेला माणूस एका गिऱ्हाइकाला माल दाखवता दाखवता दुसऱ्याचा फोन घेऊ शकतो. इथे तसं नाही. ज्या वेळात थेरपिस्ट कमावते, नेमकं त्याच वेळात तिला कुणाशी बोलता येत नाही. स्वागतकक्षात बसायला माणूस नाही, मदतनीस नाही, सगळा कारभार दोन हातांवर. म्हणून "वेबसाइट कशाला, माझं इन्स्टाग्राम आहे की" असं कुणी म्हणालं की मला थांबून नीट समजावून सांगावंसं वाटतं. वेबसाइट म्हणजे मोठ्या धंद्यांचं भूषण, आपल्याला काय करायची, असा समज या पेशात फार आहे. खरं म्हणजे मोठ्या स्पाकडे फोन उचलायला माणसं असतात. ज्याच्याकडे ती नाहीत, त्याला वेबसाइटची गरज जास्त.

न विचारलेले प्रश्न

फोन चुकला हे कारण आहेच, पण माझ्या मते ते सर्वांत मोठं नाही. मोठं कारण असं की, मसाज घ्यायला येणाऱ्या माणसाच्या मनातले खरे प्रश्न तो फोनवर विचारतच नाही.

पहिल्यांदा मसाज घेणाऱ्याचा विचार करून पाहा. रात्रीचे अकरा वाजले आहेत, मान अशी अवघडली आहे की उशीवर डोकं टेकवत नाही. एका हाताने मान धरून तो दुसऱ्या हाताने फोनवर शोधतो आहे. पत्ता आणि दर तर त्याला हवेच आहेत, पण त्याच्या पोटात गोळा आणणारे प्रश्न वेगळे आहेत. कपडे किती काढायचे? अंगावर काही पांघरायला असतं का? थेरपिस्ट बाई आहे की पुरुष? खोलीचं दार आतून लावतात का? माझ्या पाठीवर डाग आहेत, माझं पोट सुटलंय, त्यांना काय वाटेल? दुखलं तर सांगायचं की सोसायचं? मध्येच झोप लागली, घोरलो तर? पाळी चालू असेल तर गेलेलं चालतं का? तासभर बोलत राहावं लागतं का?

हे प्रश्न अनोळखी माणसाला फोन करून कोण विचारणार? लाज वाटते. मग माणूस एकतर जातच नाही, किंवा ओळखीच्या कुणीतरी सांगितलेल्या ठिकाणी जातो. आपण एका परक्या माणसासमोर, बंद खोलीत, अर्धवट उघड्या अंगाने डोळे मिटून पडणार आहोत, हा भरवसा मसाजमध्ये गिऱ्हाइकाला आधी द्यावा लागतो आणि सेवा त्यानंतर मिळते. इतका भरवसा फार थोड्या धंद्यांत मागितला जातो. तो एका फोटोवर आणि चार हॅशटॅगवर बसत नाही. त्याला वाक्यं लागतात. शांतपणे, एकट्याने, दोनदा वाचता येतील अशी वाक्यं.

बहुतेक ठिकाणी काय लिहिलेलं असतं? "आम्ही दर्जेदार आणि व्यावसायिक सेवा देतो. आपलं समाधान हेच आमचं ध्येय." यातून मान धरून बसलेल्या माणसाला काहीही कळत नाही. त्याऐवजी असं लिहिलं तर बघा:

"आधी आपण दहा मिनिटं बसून बोलू. कुठे दुखतं, कधीपासून, कुठली औषधं चालू आहेत ते मी विचारेन. मग मी खोलीबाहेर जाईन. तुम्हाला सोयीचं वाटेल तेवढेच कपडे काढा. अंतर्वस्त्रं ठेवलीत तरी काही अडत नाही. टेबलावर चादरीखाली पालथे झोपा. मी दार वाजवून, तुम्ही हो म्हटल्यावरच आत येईन. ज्या भागावर काम चालू आहे तेवढीच चादर बाजूला होईल, बाकी अंग झाकलेलं राहील. दाब जास्त वाटला तर लगेच सांगा, सोसायचं काही कारण नाही. बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर गप्प पडून राहा."

शंभरही शब्द नाहीत, पण वाचणाऱ्याचा निम्मा ताण इथेच उतरतो. तो येतो तेव्हा त्याला पुढे काय होणार ते माहीत असतं, त्यामुळे खांदे आधीच थोडे सैल असतात. म्हणजे या मजकुराचा फायदा धंद्याला होतोच, प्रत्यक्ष कामालाही होतो. असा मजकूर फोटोखालच्या ओळीत मावत नाही आणि मावला तरी चार दिवसांत नव्या पोस्टखाली गाडला जातो. वेबसाइटवर तो वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतो.

"मसाज" या शब्दाचं ओझं

आणखी एक गोष्ट या पेशातले लोक आपापसात बोलतात, बाहेर फारसं बोलत नाहीत. "मसाज" या शब्दाला एक दुसरा वास चिकटलेला आहे. ज्यांनी शरीररचना शिकली, स्नायूंची नावं पाठ केली, शेकडो तास हात घासून सराव केला, त्यांनाही रात्री-अपरात्री नको ते संदेश येतात. हा अपमान आहे आणि तो एकट्याने झेलावा लागतो.

त्यात भर यंत्रांची. समाजमाध्यमांवर कुठली पोस्ट राहू द्यायची हे पहिल्या फेरीत बहुतेकदा माणूस ठरवत नाही, सॉफ्टवेअर ठरवतं. उघडी पाठ, तेल, मंद उजेड आणि "मसाज" हा शब्द एकत्र आले की त्या चाळणीला उपचार आणि अश्लीलता यांतला फरक कळेलच असं नाही. पोस्ट उडते, जाहिरात नाकारली जाते, कधी खातंच बंद होतं. दाद मागायची तर एक फॉर्म भरायचा आणि वाट पाहायची.

स्वतःच्या वेबसाइटवर संदर्भ तुमच्या हातात असतो. शिक्षण कुठे झालं, कोणता परवाना किंवा प्रमाणपत्र आहे, कशा प्रकारचं काम करता, आणि काय करत नाही, हे सगळं एकाच ठिकाणी स्पष्ट लिहिता येतं. "इथे फक्त उपचारात्मक मसाज होतो. गैरवर्तन झाल्यास सेशन तिथेच थांबवलं जाईल आणि पूर्ण शुल्क आकारलं जाईल." हे वाक्य बुकिंगच्या बटणाच्या वर ठळक असावं. ते लिहायला संकोच करू नका. ज्यांना भलतंच काही हवं आहे ते वाचून पुढे जातात, आणि ज्यांना खरा उपचार हवा आहे ते आत येतात. दुसऱ्या बाजूने पाहा: एकटी येणारी बाई हेच वाक्य वाचून निर्धास्त होते.

एकट्याने, विशेषतः घरातूनच काम करणाऱ्यांनी पूर्ण पत्ता वेबसाइटवर टाकायलाच हवा असं नाही. भाग सांगा, जवळची खूण सांगा, आणि नेमका पत्ता बुकिंग पक्कं झाल्यावर पाठवा. यात काही लपवाछपवी नाही. ही स्वतःची काळजी आहे.

जागा कुणाची?

आता थोडं तांत्रिक. पण धीर धरा, यात अवघड असं काही नाही.

समाजमाध्यमावरचं तुमचं पान म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात मांडलेलं दुकान. अंगण मोठं आहे, वर्दळ आहे, भाडं नाही, सगळं खरं. पण मालकाने फाटक कधी लावायचं ते मालक ठरवतो. ऑर्कुट आठवतंय? ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी तर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदमच सुमारे सहा तास बंद होते, कारण तिन्ही एकाच कंपनीची आणि त्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये देखभालीच्या वेळी चूक झाली. ज्यांचं बुकिंग, चौकशी आणि जाहिरात या तिघांवरच होती त्यांचं दुकान त्या सहा तासांत अस्तित्वातच नव्हतं.

मला सगळ्यांत बोलकं उदाहरण वाटतं ते गूगलच्या फुकट वेबसाइटचं. गूगलवर आपल्या व्यवसायाची नोंद केली की त्यातूनच एक छोटीशी वेबसाइट तयार करून मिळायची. अनेक लहान व्यावसायिकांनी ती केली आणि "झाली आपली वेबसाइट" म्हणून निवांत झाले. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. म्हणजे "वेबसाइट आहे" एवढं पुरेसं नाही. ती कुणाच्या नावावर उभी आहे हे पाहायला हवं.

यासाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या: डोमेन, होस्टिंग आणि मजकूर.

डोमेन म्हणजे तुमचं नाव, तुमच्या दारावरची पाटी. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात आणि ते आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून १९८३ मध्ये एक व्यवस्था आली: जगभर पसरलेली एक वहीच म्हणा, जिच्यात नाव विचारलं की आकडा मिळतो. डोमेन घेणं म्हणजे त्या वहीत आपल्या नावाची ओळ राखून ठेवणं. होस्टिंग म्हणजे जिथे तुमची पानं प्रत्यक्ष ठेवलेली असतात तो संगणक. तो भाड्याने घ्यायचा. आणि मजकूर म्हणजे तुमचे शब्द, फोटो, दर, वेळा.

गंमत अशी की, होस्टिंग देणाऱ्याने त्रास दिला तर मजकूर उचलून दुसरीकडे नेता येतो आणि वहीतला आकडा बदलता येतो. दारावरची पाटी तीच राहते. गिऱ्हाइकाला कळतही नाही की मागचं घर बदललं. समाजमाध्यमावर हे शक्य नाही. तिथे घर गेलं की पाटीही जाते. इंटरनेटवर ही मोकळीक आहे, कारण मुळात वेब कुणा एकाच्या मालकीचं नाही. टिम बर्नर्स-ली यांनी ते सर्न या संशोधन संस्थेत काम करताना घडवलं आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याचं सॉफ्टवेअर सगळ्या जगाला मोफत खुलं करून दिलं. तुमच्या एका पानाच्या वेबसाइटला सर्वांत मोठ्या कंपनीच्या वेबसाइटइतकाच हक्क आहे तो त्यामुळे.

इथे एक खरं सांगायला हवं. डोमेनही कायमचं विकत मिळत नाही. साधारण वर्षाच्या हिशेबाने ते नोंदवलं जातं, आणि डॉट कॉमसारख्या नावांची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची करता येते. मुदत संपली आणि वेळेत पैसे भरले नाहीत तर नाव हातचं जातं, आणि ते उचलायला टपलेले लोक असतात. त्यामुळे आपोआप नूतनीकरण चालू ठेवा आणि नोंदणीत असा ईमेल द्या जो तुम्ही रोज उघडता.

याहून मोठा धोका घरचाच असतो. वेबसाइट करून देणारा ओळखीचा मुलगा सोयीसाठी डोमेन स्वतःच्याच खात्यातून, स्वतःच्या नावावर घेतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं. चार वर्षांनी तो नोकरी बदलतो, नंबर बदलतो, आणि एके सकाळी तुमचं पान उघडत नाही. तुम्ही डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीला फोन करता तर ती म्हणते, मालक तुम्ही नाहीच. म्हणून कळकळीने सांगते: बाकी सगळं दुसऱ्याकडून करून घ्या, डोमेन मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने घ्या. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. नाव निवडताना शक्यतो स्वतःचंच घ्या. जागा बदलली, मसाजची पद्धत बदलली, तरी नाव बदलत नाही.

तयार साचे देणाऱ्या सेवांवर वेबसाइट करणं सोपं असतं आणि सुरुवातीला ते चांगलंही आहे. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांतल्या काही ठिकाणांहून पूर्ण वेबसाइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वर्डप्रेससारखं खुलं सॉफ्टवेअर वापरलं तर ती अडचण राहत नाही, पण त्याची देखभाल थोडी शिकावी लागते. काहीही निवडा, मजकुराची एक प्रत आपल्या संगणकावर असू द्या.

लोक काय शोधतात

गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोचतं कसं? "जवळचा मसाज" असं शोधल्यावर नकाशावर कोण वर दिसणार हे ठरवताना गूगल तीन गोष्टी पाहतं, आणि हे गूगलनेच जाहीर सांगितलेलं आहे: शोधलेल्या शब्दांशी तुमचा संबंध किती, तुम्ही किती जवळ आहात, आणि तुमचं नाव किती परिचित आहे. अंतराचं आपण काही करू शकत नाही. परिचय रिव्ह्यूंमधून आणि इतरांनी केलेल्या उल्लेखांतून हळूहळू वाढतो. संबंध मात्र पूर्ण आपल्या हातात आहे, आणि तो शब्दांनी सिद्ध होतो. नकाशावरच्या नोंदीत फार शब्द मावत नाहीत. वेबसाइटवर हवे तेवढे मावतात.

पण शब्द कुणाचे? प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती लिहिते, "मायोफेशियल रिलीज, ट्रिगर पॉइंट थेरपी, एफ्ल्युराज, पेट्रिसाज." (हे शेवटचे दोन शब्द फ्रेंच असले तरी मसाजच्या हालचालींना ती नावं चिकटली एकोणिसाव्या शतकातल्या योहान गेऑर्ग मेझगर या डच डॉक्टरमुळे.) गिऱ्हाईक मात्र शोधतं, "मान अवघडली", "कंबर धरली", "दिवसभर बसून पाठ भरून येते", "पळाल्यावर पोटऱ्यांत गोळे". दोन्ही भाषा पानावर हव्यात, आणि आधी गिऱ्हाइकाची. मान-खांद्यासाठी एक पान, गरोदरपणातल्या मसाजसाठी वेगळं, खेळाडूंसाठी वेगळं. प्रत्येकात ते दुखणं कसं असतं, तुम्ही काय करता, किती वेळ लागतो, कुणी येऊ नये. एवढं केलं की शोधणाऱ्या माणसाला आपल्याच दुखण्याचं वर्णन तुमच्या पानावर सापडतं.

नाव, पत्ता आणि फोन नंबर सगळीकडे अक्षरशः एकसारखा ठेवा. वेबसाइटवर एक नंबर आणि नकाशावर जुना, असं झालं की माणूसही गोंधळतो आणि यंत्रही. वेबसाइट फोनवर नीट उघडते ना ते स्वतःच्या फोनवर पाहा, कारण गूगल आता पानांचं मोबाइलवरचं रूपच पाहून त्यांची नोंद घेतं. हा बदल २०१६ मध्ये जाहीर झाला आणि २०२३ मध्ये पुरा झाला. पत्त्याच्या सुरुवातीला सुरक्षित जोडणी दाखवणारी "एचटीटीपीएस" ही अक्षरंही हवीत. ती नसतील तर २०१८ पासून क्रोम ब्राउझर "सुरक्षित नाही" असा शिक्का दाखवतो, आणि जिथे भरवशाचाच प्रश्न आहे तिथे तो शिक्का परवडत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र बहुतेक होस्टिंगवर फुकट मिळतं.

दरपत्रक चित्राच्या रूपात टाकायची सवय मात्र सोडा. चित्रातली अक्षरं शोधयंत्राला नीट मिळत नाहीत, फोनवर बारीक दिसतात, आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला तर ती नसल्यात जमा. या पेशात हे विसरणं मला फार खटकतं, कारण मसाज आणि दृष्टिहीन माणसं यांचं नातं जुनं आहे. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध गुरूंनी दृष्टिहीनांना ॲक्युपंक्चर आणि मालिश शिकवणाऱ्या शाळा उभ्या केल्या. दक्षिण कोरियात मसाजचा परवाना कायद्याने दृष्टिहीनांसाठीच राखून ठेवलेला आहे, आणि तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००८ मध्ये ती तरतूद कायम ठेवली. तुमचं पान तुमच्याच पेशातल्या माणसाला वाचता यायला हवं.

हात दोनच आहेत

वेबसाइट केली की गिऱ्हाइकं वाढतात, असं सांगितलं जातं. मी थोडं वेगळं सांगेन. तुम्हाला मुळात किती गिऱ्हाइकं हवी आहेत? दुकानदाराला शंभर गिऱ्हाइकं आली तर माल मागवता येतो. तुम्हाला हात मागवता येत नाहीत. दिवसाला चार-पाच सेशन नीट झाली की अंगठ्याचा सांधा, मनगट आणि स्वतःची कंबर बोलायला लागते. या पेशातून लोक लवकर बाहेर पडतात ते काम नाही म्हणून नव्हे, बऱ्याचदा हात साथ देत नाहीत म्हणून. तेव्हा वेबसाइटचं निम्मं काम बोलावण्याचं आणि निम्मं थांबवण्याचं.

ऑनलाइन बुकिंग इथे उपयोगी पडतं. दिवसाला किती सेशन घ्यायची ती मर्यादा तुम्ही आधीच ठरवता. दोन सेशनांत चादर बदलायला, पाणी प्यायला आणि हात मोकळे करायला पंधरा-वीस मिनिटं सोडता. ती वेळ दिसतच नाही, म्हणून कुणी मागतही नाही. फोनवर "जरा ॲडजस्ट करा ना" म्हटलं की आपण विरघळतो. कॅलेंडर विरघळत नाही. रात्री अकराला मान धरून बसलेला माणूस तेव्हाच उद्याची चारची वेळ पक्की करून झोपतो आणि तुमची झोप मोडत नाही. किती तास आधी कळवलं तर वेळ रद्द करता येईल आणि न कळवता आलं नाही तर काय, हे तिथेच लिहा. बुकिंग करताना थोडी आगाऊ रक्कम घ्या. वेळ ठरवून न येणारा माणूस तुमचा एक तास कायमचा घेऊन जातो, तो शिळा विकता येत नाही.

आणि काही लोकांना खरोखरच थांबवायचं असतं, त्यांच्याच भल्यासाठी. ताप असेल, अंगावर संसर्गजन्य त्वचारोग असेल, नुकतंच हाड मोडलं असेल, तर मसाज नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायला हवं. एक पोटरी सुजली आहे, गरम लागते आणि दुखते आहे, असं असेल तर ती खोल शिरेतली गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस दगावू शकतो. अशा माणसाला मसाजच्या टेबलाऐवजी ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायला हवं. हे बुकिंगच्या आधी वाचायला मिळालं तर एखाद्याचा जीव वाचेल. मी अतिशयोक्ती करत नाही.

काय लिहू नये

स्वतःची जागा मिळाली की काहीही लिहायचा मोह होतो. "शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर टाकतो", "सांधेदुखी मुळापासून घालवतो" असले दावे टाकू नका. पहिल्याला चांगला पुरावा नाही आणि दुसरं वचन तुम्ही पाळू शकणार नाही. वैद्यकीय अभ्यास तपासून त्यांचं सार मांडणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा कंबरदुखीवरचा २०१५ चा आढावा सांगतो की, मसाजने थोड्या काळापुरता आराम मिळतो असं दिसतं, पण पुरावा कच्चा आहे. हेच साध्या शब्दांत लिहा: "बऱ्याच जणांना काही दिवस हलकं वाटतं. मूळ कारण वेगळं असेल तर त्यासाठी डॉक्टर लागतील." असं प्रामाणिक वाक्य वाचून डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टही तुमच्याकडे माणूस पाठवायला कचरत नाहीत. मोठे दावे पाहून ते चार हात लांब राहतात.

गिऱ्हाइकाच्या नावानिशी अनुभव छापण्याआधी त्याची लेखी परवानगी घ्या. कुणाला पाठदुखी आहे, कुणाचं बाळंतपण झालंय, ही त्याची खासगी गोष्ट आहे. साध्या संपर्क-फॉर्ममधून आजारांची यादी मागवू नका. ती ईमेलमध्ये उघडी पडून राहते. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या खासगी माहिती जपण्याच्या कायद्यात आरोग्याची माहिती विशेष जपायच्या माहितीत धरली आहे, आणि कायदा कुठलाही लागू असो, भावना तीच हवी. फॉर्मवर नाव, फोन, सोयीची वेळ एवढंच. बाकी समोर बसून विचारा.

फोटो विकत मिळणारे नकोत. गरम दगड, फुलं आणि हसरी परकी मुलगी सगळ्यांच्याच पानावर आहे. तुमच्या खोलीचा दिवसाच्या उजेडात, दारात उभं राहून काढलेला एक फोटो टाका, म्हणजे येणाऱ्याला जे पहिल्यांदा दिसणार आहे तेच दिसेल. टेबल, घडी केलेली चादर, कपडे अडकवायचा हूक, बसायची खुर्ची. आणि तुमचा स्वतःचा चेहरा.

सुरुवात कुठून

"माझं तर सगळं तोंडी प्रसिद्धीवर चालतं" असं म्हणणारे असतात, आणि ते खरंच असतं. पण आज तोंडी सांगितलेलं नावही माणूस आधी फोनवर शोधून पाहतो. मैत्रिणीने नाव सुचवलं, शोधलं, काहीच सापडलं नाही, किंवा त्याच नावाची भलतीच कुणी सापडली, की सुचवणारीचा शब्द तिथेच अर्धा होतो.

सुरुवातीला एकच पान पुरतं. तुम्ही कोण, काय शिकलात, कुणासाठी काम करता, पहिल्या भेटीत काय होतं, दर आणि वेळा, बुकिंगचं बटण. पहिल्या भेटीचा परिच्छेद सर्वांत आधी लिहा आणि तो कधीही मसाज न घेतलेल्या एखाद्या नातेवाइकाला वाचायला द्या. ते जिथे अडखळतील, "म्हणजे काय?" विचारतील, तिथे अजून एक वाक्य हवं आहे. समाजमाध्यमं सोडायची गरज नाही. तिथे लोक भेटतात, त्यांना तिथून आपल्या दारापर्यंत आणा. खात्याच्या माहितीत वेबसाइटचा पत्ता द्या, आणि कुणी संदेशात दर विचारले की पानाची लिंक पाठवा.

मग महिन्यातून एकदा स्वतःच्याच फोनवर, गिऱ्हाईक होऊन, पान उघडायचं. वेळा बरोबर आहेत का, बटण दाबलं की बुकिंग होतं का, नंबरवर टेकवलं की फोन लागतो का. सुट्टीवर जाणार असाल, हात दुखावला असेल, जागा बदलणार असाल, तर ते पानाच्या पहिल्याच ओळीत, तारखेसह.